जानवशाची पिशवी

घरांत कार्य निघालें कीं याद्यांना आरंभ होतो. आमंत्रणांची यादी, आहेराची यादी, वाणसामानाची यादी, गुरुजींनीं सांगितलेल्या साहित्याची यादी. या याद्यांत अलीकडे आणखी एकीची भर पडली आहे. परगांवाहून येणाऱ्या पाहुण्यांना त्यांच्या उतरण्याच्या जागीं एकेक भरलेली पिशवी द्यावयाची व तींत काय काय घालावयाचें, याची ही यादी होय. अमेरिकेंत लग्नाचे पाहुणे दूरदूरून येऊन हॉटेलांत उतरतात व यजमान त्यांच्या खोलींत अशी स्वागताची पिशवी ठेवतात. तिकडे राहून आलेल्या मुलामुलींच्या हौसेनें आपल्याकडील शहरांतहि ही चाल आतां बरीच रुळली आहे.

जुन्या मंडळींना ही पिशवी म्हणजे एक थेर वाटतें. तरुण मंडळींना ती एक हौस वाटते. आमच्या मतें दोघेहि अर्धेंच पाहतात. ही पिशवी आपल्या जुन्या जानवशाची वारस आहे. ती वारसाला शोभेल अशी भरावयाची, कीं नुसती मिरविण्याची वस्तु करावयाची, हें मात्र भरणाऱ्या हातांवर अवलंबून आहे. त्याविषयीं चार शब्द लिहावे असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

जानवसा गेला, संकोच राहिला

जानवसा हा शब्द 'जन्यवास' या संस्कृत शब्दापासून आला आहे. जन्य म्हणजे वराचे सोबती व आप्तस्नेही. त्यांचा वास तो जानवसा. वऱ्हाड बैलगाड्यांनीं येत असे त्या काळीं वधुपिता गांवांतील एखादा ऐसपैस वाडा किंवा धर्मशाळा झाडून-सारवून तयार ठेवी. शिवेवर सीमांतपूजन होई (बोलण्याच्या ओघांत पुढें त्याचें 'श्रीमंतपूजन' झालें, आणि शब्दाबरोबर अर्थहि थोडा सरकला!), मग मंडळी वाजतगाजत जानवशास येत. तेथें रांजण भरलेले असत, चुलाणावर पाणी तापत असे, सतरंज्या अंथरलेल्या असत, पानसुपारीचें तबक मांडलेलें असे. मुख्य म्हणजे यजमानांच्या घरचा एखादा चुणचुणीत मुलगा उंबरठ्याशीं उभा असे. "जरा तांब्याभर पाणी आण रे बाळ," म्हणावयास कोणास संकोच वाटत नसे. व्यवस्थेंत उणें पडलें तर रुसवेफुगवे होत, हें खरें. पण ज्याच्यावर रुसावें असें माणूस समोर असे, हेंहि तितकेंच खरें.

१८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली, १८६३ सालीं बोरघाटांतील लोहमार्ग पुरा होऊन मुंबई व पुणें हीं शहरें सलग जोडलीं गेलीं, आणि लग्नाच्या पाहुण्यांचें वर्तुळ हळुहळू वाढत चाललें. आज एकाच मांडवांत इंदूर-ग्वाल्हेरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलीं कुटुंबें, बडोद्याची मावशी, बंगळूरास नोकरीला असलेला भाचा आणि समुद्रापलीकडून आलेलीं नातवंडें एकत्र जमतात. यजमानांचें बिऱ्हाड मात्र तीन खोल्यांचें. पाहुण्यांना हॉटेलांत उतरविण्यावांचून गत्यंतर नसतें, आणि त्यांत वाईट असें कांहींच नाहीं. स्वच्छ खाट, स्वतंत्र स्नानगृह, सारें यथास्थित असतें. परंतु दार बंद झालें कीं त्यामागें पाहुणा एकटा पडतो. तहान लागली तर पाणी मागवावें कीं नाहीं, त्याचे पैसे कोणाच्या हिशेबीं लागतील, यजमानांना फोन करावा तर ते गडबडींत असतील, अशा नाना शंका त्याच्या मनांत येतात आणि अखेर तो गप्प बसतो.

आमच्या नात्यांतील एका लग्नांत घडलेली हकीकत सांगतों. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दोघी जावा लांबच्या प्रवासानें पुण्यास आल्या. गाडीस उशीर होऊन खोलीवर पोंचेपर्यंत मध्यरात्र उलटली. थोरल्या बाईंना मधुमेह. रात्रीची गोळी कांहीं खाऊनच घ्यावयाची. हॉटेलचें स्वयंपाकघर बंद झालेलें. मेजावर गुलाबी रेशमी पिशवी होती. मोठ्या आशेनें ती उघडली, तों तींतून एक सुवासिक मेणबत्ती, वधूवरांच्या तसबिरीची चौकट, सोनेरी कागदांतील चॉकलेटें आणि इंग्रजींत छापलेलें एक कार्ड निघालें. चॉकलेटें पथ्याला वर्ज्य. बाई गोळी न घेतां व पाणी पिऊन निजल्या. सकाळीं यजमानांनीं "व्यवस्था ठीक आहे ना?" म्हणून विचारलें, तेव्हां "अगदीं उत्तम!" असें त्यांनीं तोंड भरून सांगितलें. पुढें कित्येक महिन्यांनीं आमच्या घरीं आल्या असतां हसत हसत म्हणाल्या, "तेवढी ती मेणबत्ती खातां आली असती तर बरें झालें असतें हो!"

त्या पिशवीला खर्च थोडा आला नसेल. ती देणाऱ्यांच्या मनांत प्रेमहि होतें. उणीव होती ती एवढीच कीं, ती भरतांना देणाऱ्यांनीं स्वतःच्या हौसेकडे पाहिलें, पाहुण्याच्या पहिल्या रात्रीकडे पाहिलें नाहीं. आमच्या समजुतीप्रमाणें या पिशवीचें प्रयोजन एका वाक्यांत सांगतां येईल: जें मागतांना पाहुण्याला संकोच वाटेल, तें त्यानें मागण्यापूर्वींच त्याच्या हातीं पडावें.

जुन्या ग्रंथांचा क्रम

उभा जन्म मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें कोणत्याहि प्रश्नांत मागें वळून जुन्या ग्रंथांकडे पाहण्याची आम्हांस खोड जडली आहे. या प्रश्नांत ती उपयोगीं पडली.

कठोपनिषदांतील नचिकेत्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. यम घरीं नसतांना तो बालक यमाच्या दारीं तीन रात्री उपाशी राहिला. यम परत येतांच त्याला पहिली गोष्ट सांगण्यांत आली ती ही कीं, घरीं अतिथि आला आहे, त्याच्यासाठीं पाणी घेऊन जा. पुढें प्रत्यक्ष मृत्यूनें त्या पोराला वंदन केलें आणि उपाशी काढलेल्या एकेका रात्रीबद्दल एकेक वर दिला. आत्मविद्येचा एवढा थोर संवाद. परंतु त्याचा उगम एका राहून गेलेल्या आतिथ्यांत आहे, हें आम्ही वर्गांत मुलांना आवर्जून सांगत असूं.

आश्वलायन गृह्यसूत्रांत सन्मान्य पाहुण्याच्या सत्काराचा विधि दिला आहे. आधीं बसावयास आसन, मग पाय धुण्यास पाणी, मग अर्घ्य, मग आचमनास पाणी, आणि त्यानंतर मधुपर्क, असा क्रम असून प्रत्येक वस्तु तीन तीनदां सांगून द्यावयाची. म्हणजे थकल्या शरीराची व्यवस्था आधीं आणि शोभा मागाहून. मधुपर्क म्हणजे दह्यांत मध. पण मध न मिळेल तर तूप चालेल, अशी मुभाहि सूत्रकारांनीं तेथेंच देऊन ठेविली आहे. एखादी वस्तु मिळाली नाहीं म्हणून सत्कार अडूं नये, ही त्यांतील दृष्टि. मनूनें तर याहूनहि सोपें करून सांगितलें आहे. बसावयास गवत, टेकावयास भूमि, प्यावयास पाणी आणि चौथी गोड वाणी, या चार गोष्टी सज्जनांच्या घरीं कधींच संपत नाहींत, असें त्याचें म्हणणें आहे.

अतिथीला देव मानावें, हें तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लींतील वचन आज हॉटेलांच्या भिंतींवरहि रंगविलेलें आढळतें. पण त्याच अनुवाकांत थोडें पुढें दान कसें द्यावें हें सांगितलें आहे, तिकडे लक्ष कमी जातें. द्यावें तें श्रद्धेनें द्यावें, ऐपतीप्रमाणें द्यावें, लाजून द्यावें, भिऊन द्यावें, समजून द्यावें, असा त्याचा भाव आहे. यांतील 'लाजून' हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपल्या व्यवहारांत लाज नेहमीं घेणाऱ्याच्या वांट्याला येते. ऋषींनीं ती देणाऱ्याच्या वांट्याला घातली आहे. पाहुण्याचा संकोच यजमानानें आपल्याकडे घ्यावा, याहून आतिथ्याची चांगली व्याख्या आम्हांस तरी सांपडलेली नाहीं.

रुखवताची गत

चांगल्या चालीचेंहि प्रदर्शन कसें होतें, याचें उदाहरण शोधावयास दूर जाणें नको. रुखवत म्हणजे मूळ वधूच्या घराहून वराकडील मंडळींसाठीं जानवशास जाणारे खाद्यपदार्थ. लाडू, करंज्या, चकल्या टोपल्यांतून जात आणि प्रवासानें भुकेलेलीं माणसें त्यांवर ताव मारीत. पुढें त्याला कलाकुसर चढली. साखरेचें तुळशीवृंदावन आलें, कापसाचे मोर आले, चिमुकला संसार मेजावर मांडला जाऊं लागला. त्यांतील कौशल्याचें आम्हांस कौतुकच आहे. कित्येक मुलींचे हात त्या निमित्तानें तयार झाले. परंतु आज रुखवत पाहतात, त्याचीं छायाचित्रें घेतात, आणि खात कोणी नाहीं. पिशवीची गत तीच होऊं द्यावयाची नसेल, तर ती भरतांना प्रत्येक वस्तूविषयीं एक प्रश्न विचारावा: ही वस्तु पाहुणा आज रात्रीं किंवा उद्यां सकाळीं वापरील काय? वापरणार नसेल तर ती वस्तु कितीहि सुबक असली तरी पिशवीबाहेर राहूं द्यावी.

पिशवींत काय असावें?

मनूच्या चार वस्तूच आम्ही येथें क्रमासाठीं घेतों, आणि त्यांना मधुपर्काची जोड देतों.

पहिली भूमि, म्हणजे आपण कोठें आलों याचें ज्ञान. यासाठीं एक पत्रक असावें. त्यावर कार्यालयाचा पूर्ण पत्ता व जवळची ठळक खूण, मुहूर्ताची वेळ, न्याहारी व भोजनाच्या वेळा, नेण्याआणण्याच्या गाडीची वेळ व ती कोठें उभी राहील तें, जवळच्या डॉक्टरांचा व औषधांच्या दुकानाचा पत्ता, इतकें मोठ्या टाइपांत छापावें. ज्येष्ठांना चष्मा शोधावा लागूं नये. सोयरे कानडी किंवा हिंदी बोलणारे असतील तर मागील बाजूस त्यांच्या भाषेंत तोच मजकूर द्यावा. पत्रकावर दोन माणसांचे फोन क्रमांक हवेत, आणि तीं माणसें विधींत गुंतलेलीं नसावींत. मुहूर्ताच्या वेळीं मुलीमागें उभा राहिलेला मामा फोन घेऊं शकत नाहीं, हें ध्यानांत असावें.

दुसरें पाणी. माणशीं निदान एक लिटर शुद्ध पाणी खोलींत असावें. लग्नसराई बहुधा उन्हाळ्याची. म्हणून क्षार-साखरेच्या पुड्याहि एकदोन ठेवाव्या. जागतिक आरोग्य संघटनेनें २००२ सालीं ठरवून दिलेल्या प्रमाणाची पुडी घ्यावी व ती पुरी एक लिटर पाण्यांत मिसळावयाची, हें पत्रकावर लिहावें. पेलाभर पाण्यांत सारी पुडी घालणें अपायकारक आहे. याव्यतिरिक्त कोणतेंहि औषध आपण होऊन पिशवींत घालूं नये. कोणाला काय सोसेल हें आपण जाणत नाहीं. पत्रकावरील डॉक्टरांचा पत्ता अधिक कामाचा.

तिसरें तृण, म्हणजे विसाव्याचें साधन. मऊ पंचा, डासांचें मलम, आणि कानांत घालावयास थोडा कापूस, कारण शेजारच्या कार्यालयांतील वाजंत्री आपल्या मुहूर्तापाशीं थांबत नाहीं. याच सदरांत आम्ही एक लहानशी पुडी घालतों, तिची थोरवी ऐन वेळींच कळते: सुई, पांढरा व काळा दोरा, चारसहा सेफ्टी पिना, दोन गुंड्या आणि एक नाडा. ऐन निघण्याच्या वेळीं लेंग्याचा किंवा परकराचा नाडा तुटणें ही आपत्ति कोणी कोणास बोलून दाखवीत नाहीं, आणि म्हणूनच ती या पिशवीचा विषय आहे.

आतां मधुपर्क, म्हणजे खाद्य. पातळ पोह्यांचा चिवडा टिकतो व सर्वांना चालतो. तो दाणे न घालतां करावा. कांहीं जणांना शेंगदाणा मुळींच सोसत नाहीं, त्यांना तो जिवावरहि बेततो. दाणे हवे तर निराळ्या पुडींत, वर नांव लिहून द्यावे. राजगिऱ्याचे लाडू अवश्य असावे. ते उपासाला चालतात, दांत नसलेल्यांना चावतात, आणि संकष्टीच्या दिवशीं प्रवास करून आलेल्या माणसाला चंद्रोदयाची वाट पाहतांना आधार होतात. मधुमेही पाहुण्यांसाठीं साखरेवांचूनचें कांहीं हवेंच. भाजलेले फुटाणे सर्वांत सोयीचे. घाट चढून येणाऱ्यांना मळमळ होते, त्यांच्यासाठीं आलेपाकाच्या चार वड्या. लेकुरवाळ्यांच्या पिशवींत बिस्किटें. ओल्या नारळाच्या वड्या आणि खव्याचे पेढे कितीहि आवडते असले तरी उन्हाळ्यांत घालूं नयेत. एका रात्रींत ते आंबतात, आणि लग्नघरीं पोट बिघडणें याहून मोठा अपशकुन नाहीं.

चौथी गोड वाणी, म्हणजे पत्र. छापील नको, घरांतील कोणाच्या तरी हातचें, चार ओळींचें. "आपण एवढ्या लांबून आलांत, प्रवास सुखाचा झाला असेल, कांहीं लागलें तर अमक्याला निःसंकोच सांगावें, सकाळीं भेटूंच" इतकें पुरे. वर पाहुण्याचें नांव नात्यासह असावें. 'मामी' म्हणून मायना असलेली चिठ्ठी वाचून परक्या शहरांतील ती खोली थोडी तरी आपली वाटूं लागते. चाळीस चिठ्ठ्या लिहावयास दोन संध्याकाळ लागतात. घरच्या आजीआजोबांना कार्यांत आपण निरुपयोगी झालों असें वाटूं लागलेलें असतें. हें काम त्यांना द्यावें. अक्षर थोडें कांपरें असलें तरी बिघडत नाहीं.

पिशवी एकच असावी

येथवर सोयीचें झालें. आतां ज्या गोष्टीसाठीं आम्हीं मुख्यतः लेखणी उचलली, तिकडे वळतों.

पिशव्यांत डावेंउजवें करूं नये. कित्येक घरीं वराकडील पाहुण्यांच्या पिशवींत चांदीची वाटी आणि वधूकडील पाहुण्यांच्या पिशवींत चिवड्याची पुडी, असा प्रकार आम्हीं पाहिला आहे. १९६१ सालीं हुंडा प्रतिबंधक कायदा झाला. सुशिक्षित घरांत हुंड्याचें नांव काढणें लाजिरवाणें ठरलें; परंतु मानपान या गोंडस नांवाखालीं तीच वस्तु अनेक ठिकाणीं मागल्या दारानें आंत येते. ही पिशवी त्या दाराची नवी किल्ली होऊं नये. दोन्ही घरांनीं आधीं एकत्र बसून पिशवींतील जिन्नस ठरवावे, खर्च निम्मानिम्म वांटून घ्यावा, आणि एकच पिशवी दोन्हीकडील पाहुण्यांना द्यावी. व्याह्यांनीं मिळून केलेलें हें पहिलें काम ठरतें, हा त्यांतील वेगळा लाभ.

दुसरें, बायकांच्या पिशवीचें. बांगड्या, टिकल्या, हळदकुंकवाच्या कुयऱ्या पिशवींत घालण्याची हौस पुष्कळ ठिकाणीं दिसते. सुवासिनींना ती पिशवी, आणि ज्यांचे पति हयात नाहींत त्यांना ती नाहीं, किंवा त्यांच्यासाठीं निराळी. खोलीच्या दारीं पिशव्या वांटीत आलेली करवली एका आत्यासमोर क्षणभर अडखळते आणि "आपली पिशवी मागाहून पाठवतें" असें कांहींतरी पुटपुटते. त्या अडखळण्याला जागा देणारी पिशवी आतिथ्याची म्हणतां येणार नाहीं. आप्तांच्या मेळ्यांत एका माणसाला बाजूला उभें करण्याची ती युक्ति आहे. विधवांच्या दैन्याचा प्रश्न आपल्याच समाजांत किती तीव्र होता, हें वाचकांस सांगावयास नको. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं विधवेशीं विवाह केला आणि १८९६ सालीं पुण्यास अनाथ बालिकाश्रम काढला, त्या गोष्टींस शतकाहून अधिक काळ लोटला. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यांत राज्य शासनानें इतर गांवांनींहि त्याचें अनुकरण करावें असें परिपत्रक काढलें. एक खेडें जें करूं शकलें, तें आपल्या मांडवांत आपणांस जड कां जावें? सोपा उपाय असा कीं, जें सर्वांना देतां येईल तेंच पिशवींत घालावें. सुगंधी फुलांचा गजरा मुहूर्ताच्या सकाळीं मांडवाच्या दारीं टोपलींत ठेवावा. ज्यांना माळावासा वाटेल त्यांनीं तो घ्यावा. विचारणें नको, अडखळणें नको.

तिसरें, वऱ्हाडाची बस चालवीत आणणारा चालक व त्याचा मदतनीस. रात्रभर जागून त्यांनींच सर्वांना सुखरूप पोंचविलेलें असतें आणि त्यांची निजण्याची व्यवस्था बहुधा बसमध्येंच होते. त्यांच्या नांवाच्या पिशव्या यादींत पहिल्यानें मांडाव्या. त्यांनाहि तीच पिशवी, तोच लाडू, आणि हातचें तेंच पत्र.

हिशेब आणि हातकाम

पिशवी कापडाची असावी हें उघड आहे. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनें महाराष्ट्रांत प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली आहे. आणि तसें नसतें तरी कापडी पिशवीच पुढें बाजारास उपयोगीं पडते. विकत आणण्यापूर्वीं घरांतील जुनीं सुती नऊवारीं लुगडीं काढून पाहावीं. नऊ वार म्हणजे सुमारें ८२३ सेंटिमीटर, आणि पन्हा साधारण ११४ सेंटिमीटर. लांबीचे नऊ समान भाग केले व पन्ह्याचे तीन, तर सत्तावीस तुकडे पडतात. त्यांतील दोन ओळींचे सहा तुकडे बंदांसाठीं ठेवले तरी एकवीस पिशव्या निघतात. विरलेला भाग टाळावा लागतो, म्हणून वीस धराव्या. बुडाला दुहेरी शिवण घालावी. पणजीच्या लुगड्याची पिशवी हातीं पडली कीं पाहुण्यांत ज्या आठवणी निघतात, त्यांना कोणतीहि मेणबत्ती सरी पावणार नाहीं.

संख्या माणशीं धरूं नये, खोलीमागें धरावी. पाणी मात्र माणशीं. समजा, चाळीस खोल्या आहेत व प्रत्येकींत दोन माणसें. पिशवीमागें दीडशें ग्रॅम चिवडा धरला तर सहा किलो, शंभर ग्रॅम फुटाणे धरले तर चार किलो, चार लाडू धरले तर एकशें साठ लाडू, आणि पाणी ऐंशी लिटर. दर दहा पिशव्यांमागें एक जादा करावी, म्हणजे चाळिसांवर चार. आयत्या वेळीं येणारे पाहुणे कोणत्याहि कार्यांत चुकत नाहींत, आणि आपण अनपेक्षित होतों हें त्यांना कळूं न देणें हाहि आतिथ्याचाच भाग आहे.

शिवणकाम कार्यापूर्वीं महिनाभर आधीं उरकावें. पुड्या, पत्रकें, सुईदोरा आठ दिवस आधीं भरून ठेवावा. खाद्य आदल्या दोन दिवसांत करून पूर्ण गार झाल्यावर बांधावें. कोंबट चिवडा बांधला तर सादळतो. बांधतांना मुलांना पंगतीसारखें ओळीनें बसवावें आणि एकेकानें एकेक वस्तु घालीत पिशवी पुढें सरकवावी. आमच्या घरच्या एका कार्यांत सात वर्षांच्या नातीकडे नाड्यांची पुडी दिली होती. शेवटीं तिनें सर्व पिशव्या पुन्हां मोजून, "दोन पिशव्यांत नाडा नाहीं," असें खणखणीत आवाजांत जाहीर केलें, आणि तें खरेंहि निघालें! मुलांना कार्यांत काम द्यावें तें असें. आतिथ्याचा धडा याहून चांगला कोणत्या वर्गांत देतां येईल?

पिशवी देण्याची रीत

आतां शेवटचें. पिशवी दाराच्या मुठीला अडकवून ठेवूं नये, किंवा हॉटेलच्या नोकराहातीं धाडूं नये. घरचें कोणी तरी उतरण्याच्या जागीं बसलेलें असावें. जानवशाच्या उंबरठ्यावर उभा असणारा तो मुलगा आपणांस परत आणावयाचा आहे. पाहुणा आला कीं त्यानें पुढें होऊन वांकून नमस्कार करावा, सामानाला हात लावावा, खोलीपर्यंत जावें, पिशवी हातीं द्यावी आणि तींत काय आहे हें थोडक्यांत सांगावें. सूत्रकारांनीं प्रत्येक वस्तु तीनदां सांगून द्यावयास लाविली, तिचें कारणहि बहुधा हेंच असावें: थकलेल्या माणसाला एकदां सांगितलेलें ऐकूं येत नाहीं. मग "आपण विसावा घ्या" म्हणून लगेच निघावें. गप्पांना सकाळ आहे.

पिशवी कशी वाटली, आवडली का, असें मात्र कोणी विचारूं नये. दिलेल्या वस्तूचें कौतुक ऐकण्याची इच्छा धरली कीं लाज पुन्हां घेणाऱ्याच्या पदरीं पडते. कार्य पार पडल्यावर खोल्या रिकाम्या होतील, तेव्हां तेथें एक चक्कर टाकावी. पुड्या रिकाम्या दिसल्या, सुईदोऱ्याची पुडी फोडलेली दिसली आणि पिशवी पाहुण्यांबरोबर गेलेली दिसली, म्हणजे जानवशाची व्यवस्था चोख झाली असें समजावें. ज्या वस्तु तशाच पडून राहिल्या असतील त्यांची टीप ठेवावी. घरांत पुढें ज्याचें कार्य निघेल त्याला ती यादी द्यावी.